चापाचं वजन, माशीची शिस्त

ग्लॉक १९ हे पिस्तूल मॅगझिन काढून वजनकाट्यावर ठेवलं, तर सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. त्याचा चाप ओढायला मात्र साधारण अडीच किलोचा जोर लागतो. जी वस्तू तसूभरही हलू द्यायची नाही, तिच्याच एका भागावर तिच्या वजनाच्या चौपट जोर एका बोटानं लावायचा. मॅगझिन भरून आत सरकवलं की वजन साडेआठशे ग्रॅमच्या घरात जातं, तरी तिपटीच्या आसपास हे प्रमाण राहतंच. घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. अडीच किलो तांदळाची पिशवी तर्जनीच्या पहिल्या पेरावर अडकवा आणि उचला. अट एवढीच की बाकीची तीन बोटं आणि अंगठा जराही आवळायचा नाही. बोटांना ते जमत नाही. एक बोट कामाला लागलं की बाकीची त्याच्या मदतीला धावतात, मूठ आवळते, मनगट किंचित वळतं. पिस्तूल धरलेलं असेल तर एवढ्यानं नळीचं तोंड डावीकडे खाली झुकतं. उजव्या हातानं गोळी झाडणारा नवशिका जवळजवळ नेहमी निशाणाच्या डाव्या-खालच्या बाजूला मारतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

ही झाली बोटाची अडचण. दुसरी नजरेची आहे.

नेमाला मराठीत जुना शब्द आहे, शिस्त. तो फारसीतून आला. ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. आज हा शब्द आपण शाळेच्या आणि सैन्याच्या संदर्भात वापरतो, पण बंदुकीच्या बाबतीत त्याचा अर्थ अगदी भूमितीचा आहे: डोळा, मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य, चारही एका रेषेत आणणं. पुढच्या साइटला जुने लोक माशी म्हणत, आणि नळीच्या टोकाशी बसलेल्या त्या इवल्याशा ठिपक्याला याहून नेमकं नाव सापडणार नाही. या लेखात मी ते मोकळेपणानं वापरणार आहे.

ग्लॉक १९ मध्ये मागची खाच आणि माशी यांच्यात १५३ मिलिमीटर अंतर आहे. समजा माशी खाचेच्या मध्यावर न राहता एक मिलिमीटर बाजूला गेली. ती चूक लक्ष्यापर्यंत जाताना किती मोठी होईल, हे त्रैराशिकानं निघतं: लक्ष्याचं अंतर भागिले दोन साइटमधलं अंतर. १० मीटरवर ती साडेसहा सेंटिमीटर होते, २५ मीटरवर सोळा सेंटिमीटरच्या वर. याच पिस्तुलाचा थोरला भाऊ ग्लॉक १७. त्याची नळी १०२ ऐवजी ११४ मिलिमीटर आणि साइटमधलं अंतर १६५. तिथे तीच चूक २५ मीटरवर पंधरा सेंटिमीटरची. ऑलिंपिकमधल्या २५ मीटर पिस्तुलाला नियमानं २२० मिलिमीटरपर्यंत अंतर ठेवता येतं, त्यामुळे तिथे ती साडेअकराच्या आत राहते. पिस्तूल छोटं करत जाल तसं ते खिशाला सोयीचं आणि नजरेला गैरसोयीचं होत जातं. कंपॅक्ट पिस्तूल म्हणजे या दोन्हींमधली तडजोड. ते विकत घेणारा माणूस काही महिन्यांत जे दोन भाग बदलायला निघतो, ते नेमके हेच असतात: बोटाखालचा चाप आणि नजरेसमोरच्या साइट.

ते का बदलावेसे वाटतात, हे समजायला आधी ते तसे का बनवले हे पाहायला हवं. गास्टन ग्लॉक हा ऑस्ट्रियातला इंजिनियर. व्हिएन्नाजवळच्या डॉयच-वाग्राम या गावात त्याचा कारखाना होता, आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी तो सुऱ्यांसारख्या वस्तू बनवत असे. १९८० च्या सुमारास सैन्याला जुन्या वॉल्थर पी ३८ ची जागा घेणारं पिस्तूल हवं होतं. ग्लॉकनं त्याआधी कधी पिस्तूल बनवलं नव्हतं. त्यानं प्लॅस्टिकची चौकट, थोडेच सुटे भाग आणि बाहेरून कुठलाही सेफ्टीचा खटका नसलेली रचना पुढे आणली. १९८२ मध्ये सैन्यानं ती ‘पी ८०’ या नावानं स्वीकारली. ग्लॉक १९ ही तिची आखूड आवृत्ती १९८८ मध्ये आली आणि पुढे पोलिसांच्या हाती सर्वाधिक दिसणाऱ्या पिस्तुलांपैकी एक झाली.

सैन्याच्या त्या मागणीत नेमबाजाच्या सुखाला फारशी जागा नव्हती. चिखलात पडलं, हिवाळ्यात गारठलं, अर्धवट शिकलेल्या जवानाच्या हाती आलं, तरी ते चाललं पाहिजे आणि हातातून पडलं तर उडता कामा नये, एवढं हवं होतं. म्हणून चाप असा आहे: सुरुवातीला लांब, हलकी ढील, मग एक टणक जागा, जिला नेमबाज ‘वॉल’ म्हणतात, तिथून पुढे काहीसं खरखरीत, रबरासारखं ताणलं जाणारं अंतर, आणि अखेरीस सुटका. स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारा दांडा, आधीपासून अर्धवट ताणलेला असतो. उरलेलं ताणण्याचं काम बोटाला करावं लागतं, आणि त्याच हालचालीत आतल्या सुरक्षेच्या दोन व्यवस्था एकामागून एक बाजूला सरकतात. तिसरी व्यवस्था चापाच्या मधोमध बसवलेल्या चिमुकल्या पातीत आहे. बोट ती पाती दाबत नाही तोवर चाप मागे जाऊच शकत नाही. ज्या जडपणाची, रखडत्या हालचालीची लोक तक्रार करतात, तिचा मोठा भाग या तीन व्यवस्थांच्या कामातून येतो.

साइटचं मात्र तसं नाही. कारखान्यातून येणाऱ्या मूळ साइट प्लॅस्टिकच्या असतात, पुढे पांढरा ठिपका आणि मागे पांढऱ्या रेघेची चौकट. ठिपका चौकटीत बसवायचा, जणू चेंडू टोपलीत ठेवायचा. स्वस्त आहेत, झटकन समजतात, पण होल्स्टरमधून काढता-घालता माशीचे काठ झिजतात, आणि माशीचा काठ झिजला की शिस्त गेली. इथे काही वर्षांनी साइट बदलण्याला माझा काही आक्षेप नाही. पोलादी साइट बसवणं म्हणजे चपलेचा झिजलेला तळ बदलण्यासारखं आहे.

चापाबद्दल असं सरळ बोलता येत नाही.

चाप हलका करण्याचे मार्ग तीन-चार प्रकारचे. एक, आतल्या स्प्रिंगा बदलायच्या. दोन, ज्या तिरप्या पट्टीवरून चापाचा दांडा खाली उतरतो आणि स्ट्रायकरला सोडतो, ती वेगळ्या कोनाची वापरायची. कोन बदलला की बोटाला लागणारा जोर बदलतो, कारण ती शेवटी एक उतरण आहे आणि उतरणीचा चढ कमी-जास्त करता येतो. तीन, घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागांना आरशासारखं पॉलिश करायचं. चार, चापाचा बाहेरचा भागच बदलायचा, वक्र जागी सपाट, प्लॅस्टिकच्या जागी ॲल्युमिनियम. शिवाय सुटकेनंतर चाप आणखी किती मागे जातो आणि दुसऱ्या गोळीसाठी तो किती सोडावा लागतो, म्हणजे नेमबाजांच्या भाषेत ‘रिसेट’, यावरही बरंच काम होतं. स्पर्धेत पटापट गोळ्या झाडणाऱ्याला चापाच्या वजनापेक्षा रिसेट जास्त महत्त्वाचा वाटतो. एकदा गोळी सुटली की बोट पूर्ण उचलायचं नाही, कानाला टिक ऐकू येईपर्यंतच सोडायचं आणि तिथूनच पुन्हा दाबायला लागायचं, हे त्यांच्या हाताला इतकं मुरलेलं असतं की ते सांगतानाही त्यांचं बोट हवेत हलत राहतं.

एवढं सगळं खरं, पण चापावरचा प्रत्येक ग्रॅम कुणीतरी काहीतरी विचार करून तिथे ठेवलेला असतो. तो काढण्याआधी तो विचार कोणता होता, हे ठाऊक असायला हवं. या बाबतीत न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते.

१९९३ पर्यंत न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असे. रिव्हॉल्व्हरचा चाप लांब आणि जड, बारा पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळपास साडेपाच किलो. शहरात पिस्तुलं यायला लागली तेव्हा खात्याला भीती वाटली की हलक्या चापामुळे नको तेव्हा गोळी सुटेल. ती भीती निराधार नव्हती. दचकलं की माणसाची मूठ आपोआप आवळते, एका हातानं कुणाला पकडत असताना दुसरा हातही आवळतो, आणि अशा वेळी बोट चापावर असेल तर अडीच किलोचा जोर काहीच नाही. म्हणून ग्लॉककडून न्यूयॉर्कसाठी खास जड स्प्रिंग घेण्यात आली आणि पिस्तुलांचे चापही बारा पौंडांच्या घरात नेण्यात आले. सहाशे ग्रॅमच्या पिस्तुलावर साडेपाच किलोचा जोर. वजनाच्या नऊपट.

२४ ऑगस्ट २०१२ ला सकाळी एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या बाहेर एका माणसानं आपल्या जुन्या सहकाऱ्याला गोळ्या घालून ठार केलं. दोन पोलिसांनी त्याला गाठलं. त्यानं बंदूक रोखली तेव्हा दोघांनी मिळून सोळा गोळ्या झाडल्या. तो जागीच मेला, पण फुटपाथवरची नऊ माणसं जखमी झाली, आणि ती सगळी पोलिसांच्या गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी. या सगळ्याचं खापर एका स्प्रिंगवर फोडणं अन्यायाचं होईल. गर्दी होती, काही पावलांवरून रोखलेली बंदूक होती, विचाराला एक-दोन सेकंद होते. पण त्या दिवसानंतर तो बारा पौंडी चाप शहरभर चर्चेत आला, आणि आला ते योग्यच झालं. चाप जड केल्यानं नकळत सुटणारी गोळी कदाचित रोखता येते. मुद्दाम झाडलेली गोळी भलतीकडे जाण्याचा धोका त्याच वेळी वाढतो. फुटपाथवरून जाणाऱ्या माणसाला दोन्ही गोळ्या सारख्याच लागतात.

आता याच्या उलट दिशेची गोष्ट. चापाचं वजन या शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि बोलण्याच्या ओघात ते सहज एकमेकांत मिसळतात. एक, चाप ओढायला लागणारा जोर. दुसरा, त्या चापाच्या तुकड्याचं स्वतःचं वजन, काट्यावर भरेल ते. दुसऱ्या वजनाकडे कुणाचं लक्ष जात नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सैन्यानं आपलं नवं पिस्तूल म्हणून सिग सॉअरच्या पी ३२० ची रचना निवडली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात असं समोर आलं की बाजारात विकलेलं पी ३२० एका विशिष्ट कोनात, मागच्या बाजूवर पडलं, तर गोळी सुटू शकते. कारण समजायला बसमध्ये उभं राहिल्याचं आठवावं. बस अचानक थांबते आणि आपण पुढे फेकले जातो. पिस्तूल जमिनीवर आदळून थांबतं, पण चापाचा तुकडा त्याच्या जडत्वानं मागे जात राहतो, जणू अदृश्य बोटानं ओढला जावा. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीनं सगळ्या धारकांना पिस्तुलं सुधारून देण्याची योजना जाहीर केली, आणि त्या सुधारणेत चापाचा तुकडाच हलका करण्यात आला.

ग्लॉकच्या चापाच्या मध्ये असलेली ती चिमुकली पाती याच जडत्वासाठी आहे. पाती स्वतः इतकी हलकी की आदळण्यानं ती दबत नाही, आणि ती दबली नाही की चाप अडून राहतो. आता विचार करा: कुणी सुंदर दिसतो म्हणून जड धातूचा चाप बसवला, पातीची बैठक नीट जुळली नाही, वर स्प्रिंगही हलकी केली, तर कारखान्यानं एकमेकांना आधार म्हणून ठेवलेल्या तीन व्यवस्थांपैकी दोहोंना त्यानं एका दुपारी धक्का लावलेला असतो. पिस्तूल टेबलावर आधीपेक्षा छान वाटतं. ते खाली पडेपर्यंत काही कळत नाही. पॉलिशच्या बाबतीतही असंच. या भागांचा वरचा थरच टणक केलेला असतो. चमक आणायच्या नादात तो घासला गेला, तर खालचं मऊ पोलाद लवकर झिजतं आणि ज्या कडेवर सगळा भार अडलेला आहे ती कड गोल होत जाते. म्हणून चांगले कारागीर पॉलिश म्हणताना कोन बदलण्याची भाषा कधीच करत नाहीत.

चापाच्या जडपणामागे असा विचार असल्याचं आपल्याकडेही एक जुनं उदाहरण आहे. भारतीय सैन्य आणि पोलीस वर्षानुवर्षं जे ९ मिलिमीटरचं पिस्तूल वापरत आले, ते बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनणारं ब्राउनिंग हाय पॉवरचं रूप. मूळ पिस्तूल बेल्जियममध्ये १९३५ साली आलं. त्याची रचना सुरू करणारा जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये वारला आणि त्याचं काम द्यूदोने सैव्ह यानं पूर्ण केलं. या पिस्तुलाचा आराखडा फ्रेंच सैन्याच्या मागणीवर आधारलेला होता आणि त्या मागणीत एक अट होती: मॅगझिन काढलं की चाप चालता कामा नये. त्यासाठी चापाला एक खटका जोडला गेला, जो मॅगझिनच्या पुढच्या भागावर घासत राहतो. त्या घासण्यानं चाप जड आणि खरखरीत झाला. जगभरच्या हाय पॉवरप्रेमींची पहिली दुरुस्ती हा खटका काढून टाकण्याची असते. चाप सुधारतो यात शंका नाही. पण मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं मानणाऱ्या माणसासाठी तो खटका ठेवला होता. नळीत एक गोळी उरलेली असू शकते हे अशा माणसाच्या लक्षात येत नाही. आणि अशी माणसं फ्रेंच सैन्यातच होती असं थोडंच आहे.

आता पुन्हा नजरेकडे.

माणसाच्या डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहता येतं. शिस्त धरताना मात्र त्याच्यासमोर तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात: हातभर दूर मागची खाच, तिच्यापुढे वीतभर अंतरावर माशी आणि बरंच लांब लक्ष्य. तिन्ही स्पष्ट दिसणं अशक्य. शिकवणारे सगळे एकच सांगतात की नजर माशीवर ठेवा, लक्ष्य धूसर दिसू द्या. कारण वरच्या त्रैराशिकात आहे. लक्ष्याच्या मध्यापासून पूर्ण रेष सेंटिमीटरभर सरकली तर चूक सेंटिमीटरभरच होते, पण माशी खाचेत मिलिमीटरभर सरकली तर २५ मीटरवर ती चूक दीडशेपटीहून मोठी होऊन लक्ष्यावर पोचते. म्हणून जिथे चूक मोठी होणार, तिथे नजर ठेवायची.

पण चाळिशी लागली की हातभर अंतरावरची माशीही धूसर होऊ लागते. आपण ज्या चष्म्याला चाळिशी म्हणतो तो वाचायच्या अंतरासाठी असतो; त्यात माशी नीट दिसत नाही आणि लक्ष्य तर दिसतच नाही. अनेक वर्षं पोलिसात काढलेल्या माणसांचा नेम चाळिशीनंतर उतरू लागतो, आणि ते बिचारे हाताला दोष देतात. साइट बदलण्यामागचं सर्वांत प्रामाणिक कारण मला हेच वाटतं.

काळोखासाठी ट्रिटियमच्या साइट असतात. काचेच्या अगदी बारीक नळीत ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार भरतात. त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन नळीच्या आतल्या चमकद्रव्यावर आदळतात आणि तिथून प्रकाश येतो. बॅटरी लागत नाही, उन्हात ठेवावं लागत नाही. बहुतेक नळ्या हिरव्या असतात कारण आपल्या डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत सहज जाणवतो. ट्रिटियमचा अर्धायुष्यकाल १२.३ वर्षं, म्हणजे घेतल्यानंतर बारा वर्षांनी ती निम्मी मंद झालेली असते आणि पंचविशीत चौथाईवर आलेली. ही माझ्या माहितीतली अशी एकमेव साइट जिची वयोमर्यादा अणुकेंद्रानं ठरवलेली आहे. दिवसा मात्र ती फारशी उपयोगाची नाही. तिथे फायबर ऑप्टिकची माशी सरस, ती आजूबाजूचा प्रकाश आपल्या अंगात गोळा करून टोकाशी आणून दाखवते. पण अंधार पडला की ती विझते.

मग रेड डॉट. स्वीडनच्या एमपॉइंटनं १९७५ मध्ये या प्रकारची पहिली साइट बाजारात आणली, तेव्हा ती रायफलींसाठी होती. पुढे ती लहान होत होत पिस्तुलाच्या स्लाइडवर, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, बसली, आणि २०१५ पासून ग्लॉक स्वतःच अशी स्लाइड विकू लागलं जिच्यावर ती बसवायची तयारी केलेली असते. तत्त्व सोपं आहे: एक छोटा लाल दिवा, समोर वक्र काच. काच त्या दिव्याचे किरण समांतर करून डोळ्याकडे परतवते, त्यामुळे ठिपका जणू लक्ष्याइतक्याच अंतरावर तरंगताना दिसतो. जुळवायला दुसरं काही उरतच नाही. नजर लक्ष्यावर, ठिपका लक्ष्यावर. चाळिशीच्या डोळ्याला ही मोठी सुटका आहे. मात्र नव्यानं रेड डॉट घेणारा पहिल्या दिवशी हमखास म्हणतो की ठिपका खूप थरथरतोय. थरथर आधीही होतीच. माशीच्या टोकाशी ती दिसत नव्हती. ठिपक्याची जाडी कोनाच्या मापात तीन मिनिटांची असेल, तर २५ मीटरवर तो दोन सेंटिमीटरच्या आसपास जागा व्यापतो, आणि हात त्याला त्या जागेभोवती फिरवत राहतो. काही जणांना ही थरथर दिसल्यामुळे चाप अधिक घाईनं ओढावासा वाटतो, ठिपका मध्यावर आला की लगेच. त्यातून नेम सुधारत नाही, बिघडतो.

ऑलिंपिकच्या नेमबाजीत यातलं बहुतेक काही चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पिस्तुलाला उघड्याच साइट हव्यात, भिंग नाही, ठिपका नाही. डोळ्याची उणीव नेमबाज चष्म्यात भरून काढतात. त्या चष्म्याचं एकच भिंग असं बनवलेलं असतं की माशी लख्ख दिसावी. चापाच्या बाबतीत नियम किमान वजन ठरवतो: १० मीटर एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तुलाला १००० ग्रॅम. पिस्तूल २५ मीटरसाठी १४०० ग्रॅमपर्यंत जड असू शकतं. म्हणजे इथे चाप पिस्तुलाच्या वजनापेक्षा हलका असतो, सुरुवातीला पाहिलेल्या ग्लॉकच्या अगदी उलट. पिस्तूल कोणत्या कामासाठी आहे यावरच हे सगळं ठरतं. खेळाच्या रेंजवर पिस्तूल नेहमी एकाच दिशेला, एकाच रेषेवर, पंचांच्या शब्दाबरहुकूम हाताळलं जातं. कमरेच्या होल्स्टरमध्ये धावणाऱ्या, पडणाऱ्या, घाबरलेल्या माणसाबरोबर ते जात नाही.

कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तुलाची नेमबाज. २०१३ मध्ये तिनं चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकलं, आणि २०१८ मध्ये जाकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत, शूट-ऑफपर्यंत गेलेल्या अंतिम फेरीत, पुन्हा सुवर्ण. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकाराच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य फक्त तीन सेकंद दिसतं, मग सात सेकंद दडतं. दर वेळी हात खालून वर आणायचा, माशी सापडायची आणि हजार ग्रॅमचा चाप एकसारखा ओढायचा, तेही त्या तीन सेकंदांत. चाप किती हलका आहे यापेक्षा तो प्रत्येक वेळी तिथेच सुटतो का, याला इथे किंमत आहे. चांगल्या चापाची माझी व्याख्याही हीच झाली आहे: ज्याची सुटका बोटाला आधीच पाठ असते तो.

भारतात ९ मिलिमीटरचं पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. ग्लॉक आपल्याकडे एनएसजीसारख्या दलांच्या हाती दिसतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांची दुरुस्ती आणि रूपांतर हीसुद्धा परवान्याखालची कामं आहेत. म्हणून परवानाधारकानंही चापाला हात लावायचा असेल, तर तो परवाना असलेल्या कारागिराकडून. मला हे बंधन जाच वाटत नाही. वर सांगितलेल्या गोष्टी वाचल्यावर वाचकालाही तो वाटू नये.

मी स्वतः बोटाचं काम शिकलो ते एअर पिस्तुलावर. शिकवणारे सर सैन्यातून निवृत्त झालेले. पहिल्या आठवड्यात त्यांनी छर्राच दिला नाही. रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर, माशीच्या मागे, एक रुपयाचं नाणं आडवं ठेवायचं आणि चाप ओढायचा. नाणं पडता कामा नये. पहिल्या दिवशी ते प्रत्येक वेळी पडलं. मी म्हटलं, “सर, हा चाप जरा जड लावलाय का? स्क्रू थोडा सैल करून बघू या?” ते म्हणाले, “आधी नाणं.” तिसऱ्या दिवशी कधी पडलं, कधी राहिलं. त्यांनी माझ्या मागे उभं राहून माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवली, आणि मला कळलं की चाप सुटण्याच्या अगदी आधी माझा खांदा वर उचलला जातो. छर्रा नाही, आवाज नाही, धक्का नाही, तरी शरीर त्या धक्क्याची वाट पाहत होतं. आठव्या दिवशी नाणं सलग दहा वेळा जागचं हललं नाही. सरांनी ते उचलून खिशात टाकलं, आणि त्याच खिशातून एलन की काढली.